कितव्या पानावर?

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या बाईंना म्हटलं, "बाई, उद्या सुट्टी आहे म्हणे." बाई फळ्यावर बेरजा लिहीत होत्या. मागे न बघता त्यांनी विचारलं, "कितव्या पानावर?"

मला काही कळेना. सुट्टीची बातमी मला मिनीडोर रिक्षात शेजारी बसलेल्या दुसऱ्या शाळेच्या शिक्षिकेनं दिली होती. तिला पान कुठलं असणार? मी तसं सांगितलं. बाईंनी बेरीज पुरी केली, खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाल्या, "मग सुट्टी नाही."

दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या निम्म्या शाळा बंद होत्या, आमची चालू होती. मी दिवसभर मनातल्या मनात चरफडत होते. चार दिवसांनी बंद राहिलेल्या शाळांना खुलासा मागणारं पत्र आलं, तेव्हा माझी चरफड थांबली. पण तो प्रश्न काही थांबला नाही. कोथिंबीर महागली म्हणा, पुढच्या महिन्यात बदल्या होणार म्हणा, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं म्हणा, बाईंचं ठरलेलं, "कितव्या पानावर?"

आमची शाळा डोंगराच्या पायथ्याला होती. मी खोपोलीहून कर्जतला यायचे, तिथून भिवपुरीला, मग मिनीडोर. डांबरी रस्ता संपला की मिनीडोर संपायची आणि पुढे वीस मिनिटं चालायचं. वाडीत कातकऱ्यांची साठेक घरं, शाळेत दोन खोल्या, चाळीस-पंचेचाळीस मुलं आणि आम्ही दोघी. मी शिक्षणसेविका म्हणून नवीन लागलेली, आणि मोठ्या बाई मुख्याध्यापिका. त्या मूळच्या घाटावरच्या. तरुणपणी इथे नेमणूक झाली आणि मधली दोन-चार वर्षं सोडली तर सगळी नोकरी ह्याच पट्ट्यात गेली. दहिवलीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकट्या राहायच्या. लग्न का केलं नाही हे त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. झाली असती तर काय ऐकायला मिळालं असतं ते मला माहीत होतं.

दिसायला बाई किरकोळ, आवाज मात्र पलीकडच्या वाडीपर्यंत जाणारा. साडीवर कॅनव्हासचे बूट. खांद्याला खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, कारण कापडी पिशवी पावसात कागद वाचवत नाही. शाळेत बसायच्या नाहीत. मुख्याध्यापकांची म्हणून जी खुर्ची आली होती तिच्यावर पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवलेला असायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "खुर्चीत बसलं की माणूस सह्या करायला लागतो." वरच्या साहेबांचा फोन आला तरी उभं राहूनच बोलायच्या, आणि तेही बटणांच्या फोनवर. शिक्षकांच्या ग्रुपवरचे मेसेज त्यांना माझ्या फोनवरून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

निवडणूक झाली की बाई आठवडाभर फ्लेक्स गोळा करत फिरायच्या. रस्त्यावरचे, चौकातले, कुणाच्या गोठ्यावर घातलेले. त्यांची मागची पांढरी बाजू मुलांना लिहायला, चित्रं काढायला. एका पुढाऱ्याच्या पाठीवर आमच्या पहिलीच्या मुलांनी अख्खी बाराखडी गिरवली होती.

पण बाईंचं खरं वेड म्हणजे जीआर. शासनाचा कुठलाही निर्णय निघाला की त्याची प्रत हवी, ती पूर्ण हवी, आणि ती वाचायची मुलांनी. दर शनिवारी तिसरी-चौथीच्या वाचनाच्या तासाला पुस्तक बाजूला ठेवून जीआर काढला जायचा. वर्गात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी बांधलेली होती. तिच्यावर कपड्यांचे चिमटे लावून पानं ओळीनं टांगायची आणि मुलांनी एकेका पानाखाली उभं राहून वाचायचं. बाईंचं म्हणणं असं की सरकारनं काढलेला कागद चौथीच्या मुलाला वाचून कळला पाहिजे. नाही कळला तर चूक मुलाची नाही.

मला तेव्हा हे हास्यास्पद वाटायचं. एकदा मधल्या सुट्टीत मुलं क्रिकेट खेळत होती. एकजण बाद झाला तरी बॅट सोडेना, तर दुसरा त्याला समजावत होता, "सोड रं, तुला दुसरी बॅटिंग अनुज्ञेय नाय." मी घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा आई हसून हसून थकली.

जे वाक्य मुलांना कळत नसे ते बाई लाल पेनानं दुरुस्त करायच्या. दोन वाक्यं जोडून केलेलं मारुतीचं शेपूट कापायचं, "सदरहू" काढायचं, चुकलेली वेलांटी सुधारायची, आणि ते पान ज्या कार्यालयाकडून आलं त्यालाच टपालानं परत पाठवायचं. सोबत एक चिठ्ठी, "विद्यार्थ्यांना न समजलेला भाग दुरुस्त करून सादर."

ह्याबद्दल त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. वरिष्ठ कार्यालयाच्या पत्रात शाईनं फेरफार करणं शिस्तीला धरून नाही, तीन दिवसांत खुलासा करावा. मी ती वाचून दाखवली. बाईंनी नोटीस हातात घेतली आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, घाबरल्या. त्या म्हणाल्या, "तीन चुका आहेत."

त्यांचा खुलासा मी स्वतः टपालात टाकला म्हणून मला पाठ आहे. "दुरुस्त्या मी केल्या. त्या बरोबर आहेत किंवा कसे, ते कळवावे. सोबत आपली नोटीस दुरुस्त करून परत पाठवीत आहे." महिनाभर मी धास्तीत होते. उत्तर काही आलं नाही. पुढे कधीतरी कळलं की त्या कार्यालयातला एक कारकून महत्त्वाचं पत्र टाईप करण्याआधी बाईंना फोन करून शब्द विचारून घेतो.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट.

वाडीतली निम्मी घरं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायची. काही खालापूरकडे, काही पार परराज्यात लाकडाचा कोळसा पाडायला. पाऊस तोंडावर आला की परत. आईबाप जाणार म्हणजे मुलंही जाणार, आणि गेलेलं मूल परत येतं तेव्हा अर्धं विसरून येतं. म्हणून हंगामी वसतिगृह होतं. वसतिगृह म्हणजे इमारत नव्हे. मुलांनी आजीआजोबांकडे राहायचं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत. दुपारी खिचडी असतेच. अशी आमच्याकडे अठरा मुलं असायची. जेवणाचे पैसे दिल्लीहून यायचे, आणि येताना त्यांच्यावर नाव लिहिलेलं असायचं, हे हंगामी वसतिगृहाचे. दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत.

त्या वर्षी वरती बदल झाला. केंद्रानं शाळांच्या पैशांवरची ही नावं काढून टाकली. यापुढे केंद्र आपला वाटा एकत्र राज्याला देणार, आणि कशावर किती खर्चायचे ते राज्य ठरवणार. शिक्षकांच्या ग्रुपवर महिनाभर ह्याच्याच चर्चा. कुणी म्हणत होतं राज्य सगळे पैसे इमारतींना लावणार, कुणी म्हणत होतं आता पगारसुद्धा वेळेवर होणार नाहीत. बाईंना मात्र बदल आवडला होता. "दिल्लीत जो बसलाय त्याला वीटभट्टी सांगायची कशी?" त्या म्हणायच्या. "मुंबईचा माणूस निदान घाट चढताना खिडकीतून खोपोली बघतो. त्याच्याशी भांडता येईल."

गणपती झाल्यावर एका दुपारी ग्रुपवर मेसेज आला. "खर्चाची जुनी सर्व शीर्षे रद्द. नवीन यादीत हंगामी वसतिगृह नाही. सबब या वर्षापासून वसतिगृहे बंद." बाई त्या दिवशी प्रशिक्षणाला गेल्या होत्या. हातपंपावर हिरा भेटली. ती आमच्याकडे खिचडी शिजवायची. चौथीपर्यंत बाईंच्याच हाताखाली शिकलेली, दोन मुलांची आई. मी तिला सहज म्हटलं, "हिरा, अगं ह्या वर्षी संध्याकाळचं जेवण बंद झालंय."

"बंद झालं?"

"हो. सरकारचं आलंय तसं."

हिरानं हंडा उचलला आणि गेली. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना मेसेज वाचून दाखवला. बाईंनी विचारलं, "कितव्या पानावर?"

"बाई, मेसेज आहे. सगळ्यांना आलाय."

"कुणाला सांगितलंस?"

"हिराला."

बाई माठाकडे गेल्या, पेलाभर पाणी प्यायल्या. "बरं," म्हणाल्या. एवढंच. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. ती बसली नाहीत ह्याचं मला त्या दिवशी बरं वाटलं.

त्यांनी मला कर्जतला पिटाळलं, अख्खा जीआर काढून आणायला. स्टेशनजवळ एका चाचांचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्यांचं घराणं खाली किनाऱ्याकडचं, पण दोन पिढ्या कर्जतलाच. बाहेर त्यांचा टेंपो उभा असायचा आणि दोन्ही धंदे ते एकाच चष्म्यातून बघायचे. मी फोन पुढे केला तसं म्हणाले, "बाईंचा हाय ना? मग मोठ्या अक्षरात काढतो. पोरांना वाचायचा असल." जीआर चौतीस पानांचा निघाला. ग्रुपवरच्या कुणीही तो उघडला असेल असं मला वाटत नाही. मी तरी उघडला नव्हता.

ह्या वेळी बाईंनी तो मुलांना दिला नाही. शाळा सुटल्यावर बायकांना बोलावलं. काहींच्या डोक्यावर लाकडाच्या मोळ्या होत्या, त्या त्यांनी व्हरांड्याला टेकवून ठेवल्या. दोरीवर पानं टांगली आणि हिरानं वाचायचं ठरलं. चार दुपारी हे चाललं. हिरा बोट ठेवून वाचायची, एकेक अक्षर जोडत. मोठ्या शब्दाला अडली की बाई सांगत नसत. "पुन्हा वाच," म्हणायच्या. पहिल्या दिवशी बारा बायका होत्या, दुसऱ्या दिवशी सात. मला वाटलं, चौथ्या दिवशी कुणी येणार नाही. चौथ्या दिवशी पाच जणी होत्या, आणि अठ्ठाविसाव्या पानावर हिरा थांबली. मागे गेली, पुन्हा वाचलं. पुन्हा मागे गेली.

"बाय, हितं बघा. यादीत नसलेल्या बाबी..." ती सावकाश वाचत होती, "...स्थानिक गरजेनुसार चालू ठेवणे आवश्यक असल्यास तसा प्रस्ताव जिल्ह्याने राज्याकडे पाठवावा."

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हंजी यादीत नाय तर नाय. आपून मागायचं."

"कुणाकडं?"

"राज्याकडं. हितं लिवलंय ना."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना मी कुणाच्या पाठीवर हात ठेवताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आम्ही तालुक्याच्या कार्यालयात गेलो, बाई, हिरा, आणखी दोघी बायका आणि मी. साहेब भला माणूस होता, पण चारी बाजूंनी फायलींनी वेढलेला. त्यानं बायकांना पाणी द्यायला सांगितलं आणि म्हणाला, "मोठ्या बाई, माझ्या हातात काय आहे सांगा. यादीत नावच नाही. मला पण वाईट वाटतं."

बाईंनी हिराकडे बघितलं. हिरानं पदर सारखा केला. "साहेब, आठ्ठाविसाव्या पानावर हाय."

"काय आहे?"

"मागायचं ते."

साहेबानं फाईल उघडली. फाईलमध्ये वरचं पत्र आणि यादी, एवढीच सहा पानं होती. वरून तेवढीच आली होती. बाईंनी गोणीच्या पिशवीतून सगळी चौतीस पानं काढून टेबलावर ठेवली. साहेबानं अठ्ठाविसावं पान दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि हिराला विचारलं, "तुम्ही काढलंत हे शोधून?"

"वाचलं म्हणून घावलं," हिरा म्हणाली.

"प्रस्ताव द्या मग. मी शिफारस करतो."

प्रस्ताव बाईंनी लिहूनच आणला होता. दीड पान, स्वच्छ अक्षर, अठरा मुलांची नावं आणि कुणाचे आईबाप कुठे जातात ते. साहेबानं तो आमच्यासमोर वाचला आणि खाली सही केली. बाहेर आल्यावर हिरा पायरीवर बसली. मी तिला चहा पाजला. मला आनंद झाला होता. मला वाटलं, माझी चूक निस्तरली.

प्रस्ताव जिल्ह्याला गेला, तिथून मुंबईला. दिवाळी आली, गेली, उत्तर आलं नाही. भट्टीवर माणसं नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक कधी येणार ते ठरलं. बाई घरोघर फिरल्या, मी बरोबर. "पोरं ठेवून जा. दोन वेळच्या जेवणाचं मी बघते," एवढंच प्रत्येक दारात. बहुतेकांनी ऐकलं, कारण शब्द बाईंचा होता. शेवटून दुसरं घर यमीचं. यमुना नाव, तिसरीत होती आणि शाळेत सगळ्यात मोठ्यानं वाचायची. तिच्या बापानं बाईंना पाट दिला, बाई बसल्या नाहीत.

"बाय, तुमी आता सांगताय," तो म्हणाला. "मागं ह्या मॅडमच बोलल्या जेवण बंद हाय. आमी मुकादमाला तसं कळवलं. यमी येनार, ती बारक्याला बघंल, हिची आई भट्टीवर हात लावंल. आता त्यानं तिला मानसांत मोजलीय. फिरवायचं कसं?"

मी उंबऱ्याबाहेर उभी होते. मान वर करायची सोय नव्हती.

बाई म्हणाल्या, "मॅडमना तसं पत्र आलं होतं. कागदावर होतं, म्हणून त्या बोलल्या."

कागद नव्हताच. बाईंइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेली पान नसलेली गोष्ट ती एकच. वाटेत मी बोलायला गेले, तर त्या पुढच्या घराचं नाव घेऊन भराभर चालू लागल्या.

अठरांतली चौदा मुलं राहिली, चार गेली. संध्याकाळी हिरा आणि दोन म्हाताऱ्या शिजवायच्या. आज्या रेशनचा तांदूळ आणून द्यायच्या, चाचांनी दोनदा टेंपोतून भाजी धाडली. बाई मुलांच्या पंगतीत जेवायच्या, म्हणजे उभ्यानं ताट हातात धरून, आणि मग दहिवलीला जायच्या. मी आळीपाळीनं थांबायचे. संक्रांत उलटून गेल्यावर मंजुरी आली. एक पान, त्यावर आमच्या वाडीचं नाव आणि अठरा हा आकडा. बाईंनी ते सगळ्या मुलांसमोर वाचलं. "एक अनुस्वार राहिलाय," म्हणाल्या आणि दुरुस्त न करता तसंच दोरीला टांगलं.

लगेचच्या रविवारी चाचांचा टेंपो घेऊन आम्ही खालापूरकडच्या भट्टीवर गेलो. चारही मुलं एकाच भट्टीवर होती. तीन मुलांच्या आईबापांनी फारसं न बोलता कपड्यांच्या पिशव्या हातात दिल्या. ती मुलं टेंपोत चढून बसलीसुद्धा. यमी ओल्या विटांच्या ओळीशी उभी होती, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. तिच्या हातांना कोपरापर्यंत चिखल लागलेला होता.

"न्या की बाय," तिची आई म्हणाली. "मी नको कशाला बोलू? पर ह्याला कोन घेईल? मी गाऱ्यात, ह्याचा बाप भट्टीला."

"ह्यालाही दे," बाई म्हणाल्या.

आई हसली. "अंगावर पितो अजून."

ह्याला उत्तर चौतीस पानांत कुठे नव्हतं. मुकादम लांबून बघत होता. टेंपोतली मुलं यमीला हाका मारत होती, आणि यमी त्यांच्याकडे बघत नव्हती.

मग बाई विटांच्या चवडीवर बसल्या. यमीच्या कडेवरचं मूल त्यांनी मांडीवर घेतलं, पिशवीतून तिसरीचं पुस्तक काढून तिच्यापुढे धरलं. "कुठपर्यंत आलो होतो?" यमीनं हात धुतले आणि पान काढलं. ती अडखळत वाचू लागली. तीन महिन्यांत जोडाक्षरं गेली होती. अर्धा तास आम्ही तिथे होतो.

परतताना टेंपोत मी म्हटलं, "बाई, माझ्यामुळं झालं हे." त्या समोर बघत होत्या. "पुढच्या प्रस्तावात एक ओळ वाढवायची," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांखालच्या भावंडांची सोय. लिहून ठेव, मी विसरेन."

ती ओळ पहिल्या वर्षी वरून कापून आली. दुसऱ्या वर्षी माहिती मागवली गेली. तिसऱ्या वर्षी मंजूर झाली. आता आमच्याकडे हंगामात हिराची जाऊ सहा-सात बारकी पोरं सांभाळते आणि त्यांच्या बहिणी वर्गात असतात. यमी ते सगळं व्हायच्या आधीच तिथून पुढे गेली. तिसरी तिनं पुन्हा केली. आता आश्रमशाळेत नववीला आहे, आणि भेटली की मला माझ्या मुलीचं अक्षर सुधारायला सांगते.

पण त्या वर्षीचा हंगाम अजून संपायचा होता. बाई दर रविवारी भट्टीवर जात होत्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला चाचांकडून कळलं.

फेब्रुवारीच्या अखेरीला बाई निवृत्त झाल्या. साहेबांनी तालुक्याला सत्कार ठेवायचा म्हटलं, तर त्यांनी तो कुठल्या नियमात बसतो ते विचारलं आणि विषय संपला. शेवटच्या दिवशी त्यांनी नेहमीसारख्या बेरजा घेतल्या. शाळा सुटल्यावर मला चार्ज दिला. स्वतःच्या हातानं केलेली यादी, तीन पानांची. बाकं, कपाट, खुर्ची एक, माठ एक, पातेली, फ्लेक्स चौदा, चिमटे बासष्ट. मी एकेक बघून खूण करत गेले. तिसऱ्या पानावर तळाशी लिहिलं होतं, "यमुना, इयत्ता तिसरी. खालापूरकडची भट्टी. दर रविवारी. सातपर्यंत पाढे येतात. जोडाक्षरं कच्ची."

मी वर बघितलं. बाई पिशवीत स्वतःचा पेला ठेवत होत्या.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग सही कर."

मी केली. बाईंना सोडायला सगळी वाडी डांबरी रस्त्यापर्यंत आली. हिरा रडत होती. बाई मिनीडोरमध्ये चढल्या आणि चालकाला म्हणाल्या, "चल रे, ह्यांना घरी कामं आहेत."

त्या रविवारी मी खोपोलीहून एस.टी. पकडली आणि विचारत विचारत भट्टीवर गेले. ऊन चढलं होतं. विटांच्या चवडीच्या सावलीत बाई बसलेल्या दिसल्या, कॅनव्हासचे बूट बाजूला काढून ठेवलेले. यमीचा भाऊ त्यांच्या मांडीवर झोपला होता. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"बाई, चार्ज दिलात ना मला?"

"दिला की," त्या हळू आवाजात म्हणाल्या, मूल जागं होऊ नये म्हणून. "शिकवायचं तुझ्याकडे. मी फक्त ह्याला घ्यायला येते." त्यांनी बाजूला सरकून मला जागा केली. "बस. जोडाक्षरांपासून घे."

यमीनं चिखलाचे हात फ्रॉकला पुसले आणि पुस्तक उघडलं.